चार चेहऱ्यांशेजारची मोकळी जागा

मी बोलतोय सिंगापूरच्या यिशुन भागातल्या एका भाड्याच्या फ्लॅटमधून. फ्रिजच्या दारावरून. मी मॅग्नेट आहे. तळहाताएवढा, राखाडी रंगाचा, आणि माझ्या अंगावर अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे आहेत. डावीकडून वॉशिंग्टन, जेफरसन, रूझवेल्ट आणि लिंकन. इतकी मोठी माणसं दारावर बाळगणारा फ्रिज अख्ख्या ब्लॉकमध्ये दुसरा नाही. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

जन्म मात्र माझा अमेरिकेतला नाही. चीनमधल्या एका कारखान्यात साच्यातून निघालो, खोक्यात बसून समुद्र ओलांडला आणि साउथ डकोटा राज्यात माउंट रशमोर डोंगराजवळच्या एका दुकानात येऊन लटकलो. खिडकीतून माझंच थोरलं रूप दिसायचं. डोंगरात कोरलेले साठ फुटी चेहरे, वीस वीस फुटांची नाकं! रोज ते बघून मला शिंगं फुटली नसती तरच नवल.

मला विकत घेतलं पुण्याच्या निशिकांतने. सिंगापुरात तो आयटी कंपनीत मॅनेजर होता. ऑफिसच्या कामाने अमेरिकेत गेला, वाट वाकडी करून डोंगर पाहून आला आणि मला या फ्रिजवर चिकटवलं. मग काय, पाण्याच्या बाटलीसाठी जो पाहुणा फ्रिजपाशी येई, तो निशिकांतच्या तावडीत सापडलाच म्हणायचा.

"या डोंगराला नाव कसं पडलं, माहितीये? न्यूयॉर्कचा एक वकील कामासाठी तिकडे गेला होता. त्यानं विचारलं, याचं नाव काय? तर म्हणे, नाव नाहीये, तुमचंच देऊन टाकू! आणि नव्वद टक्के दगड डायनामाइटनं उडवलाय बरं का. खरं तर कमरेपर्यंत पुतळे करायचे होते, पण काम मध्येच थांबलं."

पाहुणा बिचारा बाटली धरून उभा. मी मात्र प्रत्येक वेळी नव्याने फुगायचो.

पुढे निशिकांतची नोकरी गेली, इथे राहून काम करण्याच्या पासची मुदत संपली. त्याने कुकर नेला, पोळपाट-लाटणं नेलं आणि मला विसरला. फ्रिज घरमालकाचा होता, म्हणून मीही घरमालकाचा झालो. पुढच्या भाडेकरूंनी माझ्याखाली जेवणाच्या डब्याची पत्रकं लटकवली. एकदा दार जोरात आपटलं, मी खाली पडलो आणि वॉशिंग्टनचं नाक उडालं. चेहरेही झिजून एकमेकांसारखे दिसू लागले. आपले राष्ट्राध्यक्ष कोणाला ओळखू येत नाहीत, याचं दुःख काय सांगू!

मग गार्गी आली. नाशिकची मुलगी, इथल्या विद्यापीठात कमी पाण्यावर येणाऱ्या भातावर संशोधन करते. ती माझ्याकडे बघायचीही नाही, पण घरात गुणगुणायची, ते मला आवडायचं. यंदा ते गुणगुणणं बंद झालं. दोन वर्षं जी रोपं वाढवली, त्यांचं मूळ बियाणंच भेसळीचं निघालं. सगळे निष्कर्ष बाद. प्रोफेसर म्हणाले, पुन्हा सुरुवात करायची की नाही, ते सोमवारी सांग. त्याच सुमारास तिची आई, विमलताई, महिनाभरासाठी आल्या होत्या. गार्गी रोज त्यांना म्हणायची, "आई, तुझ्याबरोबर मीही येते. माझंही तिकीट काढते. नाही जमायचं मला आता."

विमलताई "बघू" म्हणायच्या आणि पोळ्या लाटायच्या.

त्यांनी आल्यापासून एक गोष्ट सुरू केली होती. सकाळी पूजा झाली की त्या फ्रिजपाशी यायच्या आणि माझ्या चारही चेहऱ्यांच्या कपाळी गंध लावायच्या. वर नमस्कार! मी तर हवेतच गेलो. इतक्या वर्षांनी एक जाणकार बाई भेटली, असं वाटलं.

शनिवारी टॅन अंकल, म्हणजे आमचे घरमालक, फ्रिजमधून पाणी गळतं म्हणून बघायला आले. ते खालच्याच मजल्यावर राहतात. माझ्या चेहऱ्यांवरचं गंध बघून थबकले आणि आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले,

"आंटी, धिस वन व्हॉट?"

विमलताई लगबगीने लेकीला म्हणाल्या, "अगं, सांग त्यांना. त्यांच्या दारातून मी पाहिलंय, भिंतीवर वाडवडिलांचे फोटो, पुढे उदबत्त्या, संत्री. आणि इथे बिचारे पूर्वज फ्रिजवर तसेच! आपण त्यांच्या घरात राहतो, मान नको द्यायला?"

गार्गीने अडखळत इंग्रजीत सांगितलं. टॅन अंकल पोट धरून हसले.

"नॉट माय ग्रँडफादर, लाह! माय ग्रँडफादर नोज सो स्मॉल!"

गार्गीही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कित्येक आठवड्यांनी मी तो आवाज ऐकला.

अंकल गेल्यावर ती फोनवर वाचून आईला सांगू लागली. "हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गं. पण तू अगदीच चुकली नाहीस. हा डोंगर तिथल्या मूळच्या लाकोटा लोकांचा. ते याला 'सहा आजोबा' म्हणायचे. सरकारनं तो त्यांच्याकडेच राहील असा करार केला, मग सोनं सापडलं आणि शब्द मोडला."

म्हणजे डोंगराला नाव होतं! वकिलाच्या आधीपासून होतं. माझी शिंगं तिथेच गळून पडली.

"मग गंध वाया नाही गेलं," विमलताई म्हणाल्या. "आजोबांना पोचलं."

गार्गी पुढे वाचत होती. "आणि हा जेफरसन आधी वॉशिंग्टनच्या या डावीकडच्या बाजूला कोरत होते. दीड-दोन वर्षं काम केलं. मग कळलं, दगडच तडकलेला. सगळं डायनामाइटनं उडवून दिलं आणि..."

ती थांबली.

"आणि काय?"

"दुसऱ्या बाजूला पहिल्यापासून कोरला."

"कोरणाऱ्याचा हात वाईट होता का?"

"नाही. दगड."

विमलताई तव्यावरची पोळी उलटायला गेल्या.

सोमवारी सकाळी गार्गी लॅबला निघाली. चप्पल घालून दारापर्यंत गेली आणि परत फिरली. देवापुढच्या वाटीत बोट बुडवून माझ्यापाशी आली. मला वाटलं, जेफरसनच्या कपाळी लावणार. पण तिने गंध लावलं वॉशिंग्टनच्या पलीकडे, नुसत्या दगडावर, जिथे पहिला जेफरसन होता.

"अगं, तिथे कोणीच नाहीये," विमलताई म्हणाल्या.

"आहे ना. हाही पूर्वजच की, दुसऱ्या जेफरसनचा."

विमलताई नाशिकला एकट्याच परतल्या. गार्गीची नवी रोपं आता वीतभर झालीत, असं ती त्यांना फोनवर सांगते. अधूनमधून गुणगुणतेही.

एक दिवस तीही घर बदलेल आणि मी पुन्हा फ्रिजबरोबर मागे राहीन. नाक उडालेला मॅग्नेट कोण नेतो! तुमच्यापैकी कोणी इथे राहायला आलं, तर माझ्यावर खुशाल डब्याची पत्रकं लटकवा. फक्त फ्रिज पुसताना वॉशिंग्टनशेजारी एक पिवळसर ठिपका दिसेल. हळदीचा डाग समजून तो घासू नका. तिथे कोणीतरी आहे.