रविवारच्या पानावरचं नाव

एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. माझ्या नजरेखालून गेलेल्या पुस्तकात चूक दाखवा आणि माझ्याकडून चहा प्या, अशी माझी पैज असायची. तो चहा फारच थोड्या लोकांनी प्यायला. ही फुशारकी वाटेल तर वाटू द्या, कारण पुढे जे सांगायचंय त्यात ती पार मोडलेली आहे.

निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चचं रविवारचं पान माझ्याकडे आलं. दोन्ही बाजूंनी छापलेला साधा कागद. पुढच्या बाजूला गाण्यांचे क्रमांक आणि सूचना, मागच्या बाजूला प्रार्थना. प्रार्थनेत नावांच्या दोन याद्या असतात. पहिली आजाऱ्यांसाठी, दुसरी प्रभूत विसावलेल्यांसाठी, म्हणजे वारलेल्यांसाठी. फादर मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, ती नावं मोठ्यानं वाचतात आणि आम्ही सगळे ‘आमेन’ म्हणतो.

पान तयार झालं की मी ते उलटं तपासते, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला ही युक्ती शिकवली होती. सरळ वाचलं की डोळे अर्थाच्या मागे पळतात आणि चुका निसटतात. उलटं वाचलं की एकेक शब्द एकटा समोर येऊन उभा राहतो, मग काना, मात्रा, वेलांटी, काही सुटत नाही. त्या आठवड्यातही मी पान तसंच तपासलं. माझ्या दादाचं नाव अगदी शुद्ध होतं. फक्त ते दुसऱ्या यादीत होतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शिलाई मशिनं दुरुस्त करतो. गेल्या वर्षी जिना चढताना त्याला धाप लागायला लागली. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे असं निघालं. ऑपरेशन केलं तर वर्षं मिळतील, नाही केलं तर महिने, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. तीन महिने वाट पाहून तारीख मिळाली होती, येत्या बुधवारची सकाळ.

आणि त्याच्या तीन दिवस आधी, भरल्या चर्चमध्ये, फादरनी त्याला प्रभूत विसावलेल्यांत वाचलं. फादरना येऊन दोनच महिने झाले होते, नावं आणि चेहरे यांची अजून गाठ पडायची होती. त्यांनी कागदावर होतं ते वाचलं. मंडळी सवयीनं ‘आमेन’ म्हणून गेली. मीसुद्धा म्हणाले. म्हणून झाल्यावर कळलं, नाव कुणाचं होतं ते.

तिसऱ्या बाकावरून दादा उठला. म्हणाला, “फादर, जरा थांबा. मी अजून इथंच आहे, आणि दुपारी जेवायला घरी जाणार आहे.”

सगळं चर्च हसलं. फादर कानापर्यंत लाल झाले, त्यांनी माफी मागितली आणि नाव पहिल्या यादीत पुन्हा वाचलं. दादा हात हलवत खाली बसला. शेजारी बसलेल्या वहिनीनं मान वळवून मागच्या बाकावर मला शोधलं आणि अशी नजर टाकली, की मी पायाकडे बघत बसले.

संध्याकाळी तिचा फोन आला.

“वन्सं, तुमच्या दादांनी पिशवीतले कपडे काढून कपाटात ठेवलेत. दवाखान्याचे कागदही खणात टाकले. म्हणतात, बुधवारी जायचं नाही. वरती नाव गेलं, म्हणतात.”

“थट्टा करत असेल.”

“थट्टा करणारा माणूस जेवतो. हे जेवले नाहीत.” आणि तिनं फोन ठेवला.

सोमवारी सकाळी मी दादाच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक खोली. भिंतीला लागून मशिनं, प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, त्यावर मालकाचं नाव आणि तक्रार. दादा एका काळ्या मशिनला तेल देत होता. प्रत्येक भोकात एकच थेंब, मग चाक हातानं फिरवायचं, मग पुढचा थेंब. त्याच्या टेबलावर फोनची वही उघडी होती. लोकांना आपापली मशिनं घेऊन जायला सांगायचं चाललं होतं.

“आलीस? त्या स्टुलावर नको बसू, पाय हलतो त्याचा.”

“बुधवारी जायचंय तुला.”

“मला कशाला जायला हवं? मी विसावलोय.”

“दादा, चूक माझी आहे.”

“तुझीच. दुसरं कोण पान करतं?” त्यानं चाक फिरवलं. “पण तुझी चूक होत नाही ना, तिथंच गोम आहे. दुसऱ्या कुणाची असती तर मी हसून सोडून दिलं असतं. तुझ्या हातून झाली म्हणजे ती करवून घेतली कुणीतरी.”

मला राग आला. देवाच्या नावावर स्वतःच्या भित्रेपणाची सोय करणारी माणसं मला लहानपणापासून आवडत नाहीत, आणि त्यात माझा भाऊ निघावा याचा जास्तच आला. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

“कुणी करवून घेतली नाही. मीच केली. शुक्रवारी तुझं नाव वरून काढलं आणि खाली ठेवलं. मला आठवतंय. वर्णक्रमानं नीट जागा बघून ठेवलं, आणि त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही.”

तो थांबला.

“तीन आठवडे मी तुला मनातल्या मनात पुरतेय, दादा. कुठल्या बाकावर बसायचं, वहिनीला कसं सांभाळायचं, सगळं ठरवून झालंय. तुझ्यावर पानात छापायचा मजकूरसुद्धा तयार आहे.”

“मजकूर?” दादानं तेलाची पिचकारी खाली ठेवली. “काय लिहिलंयस?”

“सोड ना.”

“माझ्यावर लिहिलंस आणि मलाच ऐकवायचं नाही? म्हण.”

मी भिंतीकडे बघत म्हटलं, “‘अत्यंत शांत आणि मितभाषी स्वभावाचे, सर्वांच्या मदतीला धावून जाणारे...’”

“मितभाषी? मी? तोंडात स्क्रू धरलेला असतो तेवढाच वेळ मी गप्प असतो! आणि धावून जाणारे? मला जिना चढवत नाही, बाई!”

“लिहितात तसं.”

“जन्मभर लोकांच्या चुका काढल्यास आणि सख्ख्या भावावर खोटं लिहितेस!”

आधी तो हसला, मग मी. हसता हसता त्याला धाप लागली. मी पाणी दिलं. त्यानं घोट घोट प्यायलं आणि पेला मशिनशेजारी ठेवला.

“तुला एक सांगतो, वहिनीला सांगू नकोस. काल सगळे ‘आमेन’ म्हणाले ना, तेव्हा मला हायसं वाटलं. खरंच. वाटलं, सुटलो. आता छाती उघडायला नको, शुद्धीवर येतो की नाही म्हणून कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. मग ते लपवायला उठून विनोद केला. मी सगळ्यांना सांगत फिरायचो की मरणाची भीती नाही, आपला विश्वास पक्का आहे. कसला विश्वास! मला फक्त बुधवार चुकवायचा होता.”

दर रविवारी मी आशेचे दहा-वीस शब्द छापते, सगळे शुद्ध. त्यातला एकही मला त्या वेळी उच्चारता येईना.

“मलाही भीती वाटते,” एवढंच म्हटलं. “म्हणून तुला आधीच सोडून दिलं. म्हणजे नंतर कमी लागेल.”

“लागलं असतं का कमी?”

“नाही.”

दादानं काळ्या मशिनवर कापड टाकलं. मग फोनची वही मिटली. “ते कोपऱ्यातलं टेबलावर घ्यायला हात लाव. मला उचलायची मनाई आहे. बुधवारी जायच्या आधी, मंगळवार संध्याकाळपर्यंत दोन तरी व्हायला हवीत.”

बुधवारी सकाळी आम्ही तिघं दवाखान्याच्या लांब बोळात होतो. वहिनी माझ्याशी बोलत नव्हती. परिचारकानं चाकांची खाट दोन झडपांच्या दारापाशी आणून थांबवली आणि म्हणाला, “दोन मिनिटं आहेत.”

“प्रार्थना कर,” दादा मला म्हणाला.

“वहिनी करतील.”

“ती रोज करते. तू कर. आणि छापलेली नको.”

मी उभ्या आयुष्यात मोठ्यानं स्वतःची प्रार्थना केलेली नाही. लाज वाटते. परिचारक बाजूला उभा, वहिनी समोर, आणि दादा डोळे मिटून वाट बघतोय. मी त्याचा हात धरला. तो तेलकटच होता, कितीही धुतला तरी तसाच राहतो.

“देवा,” मी म्हणाले, “मला हा परत हवा आहे. तुझी मर्जी असेल तर, असं लोक म्हणतात. ते माझ्या तोंडून आज निघत नाही. मला हा हवाच आहे. आमच्यात भीतीशिवाय काही नाही, ती घे, आणि याला सांभाळ.”

“आमेन,” दादा म्हणाला. पाठोपाठ वहिनी म्हणाली. मग दार उघडलं आणि खाट आत गेली.

साडेचार तास आम्ही बाकावर बसलो. तिसऱ्या तासाला वहिनीनं डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातात दिली. ‘खा’ म्हणाली नाही, पण दिली. मी तीन आठवडे पाठ केलेला दादावरचा तो मजकूर मनात यायचा प्रयत्न करत होता आणि मी त्याला येऊ देत नव्हते. दादाला नुसतं आहे तिथं, दाराच्या पलीकडे, जिवंत धरून बसणं फार कठीण होतं. गेला असं धरून चालणं त्यापेक्षा कितीतरी सोपं होतं, हे मला त्या बाकावर कळलं.

डॉक्टरीणबाई टोपी काढत बाहेर आल्या. म्हणाल्या, “नीट झालं. शुद्धीवर यायला वेळ लागेल, पण नीट झालं.”

वहिनी उभी राहून हात जोडून काहीतरी पुटपुटली. मी उठायला गेले आणि तिथंच फरशीवर बसले. दादा गेला असं धरून मी एकवीस दिवस काढले होते आणि डोळ्यांत एक थेंब आला नव्हता. तो आहे हे कळलं आणि मला रडू आवरेना.