तपासनिसांची छत्री

"छत्री घ्या हो! आभाळाचा काय भरवसा?"

मित्रांनो, हा आवाज आता कुठेच ऐकू येत नाही. पण माझ्या काड्यांमध्ये तो अजून अडकून बसला आहे. सकाळी बूट वाजायचे, दाराची कडी निघायची आणि स्वयंपाकघरातून ही हाक यायची. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असलं तरी यायची.

मी एक जुनी छत्री आहे. काळी, लांब दांड्याची, वेताच्या वाकड्या मुठीची. हल्लीच्या घडी घालून पिशवीत कोंबायच्या छत्र्या माझ्या नात्यातल्याच, पण आमचं फारसं जमत नाही. छत्री हे मुळात संशयाचं लेकरू. आभाळावर ज्याचा विश्वास आहे, तो छत्री घेईल कशाला? मला घडवणाऱ्या कारागिरानंही मला दिव्याखाली उघडून धरलं होतं, कापडाला कुठे भोक राहिलंय का ते बघायला. जन्मल्या जन्मल्या माझ्यावर पडलेली पहिली नजर ही अशी!

मला विकत घेतलं बसच्या एका तिकीट तपासनिसांनी. घरात त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. आबांचा धंदाच संशयाचा. बसमध्ये चढलेला प्रत्येक माणूस फुकटा आहे असं धरून चालायचं. तिकीट दाखवलं की मग तो सज्जन. त्यांचे काही नियम ठरलेले होते. जो विनाकारण काचेतून बाहेर बघत राहतो, त्याच्याकडे तिकीट नसतं. आणि 'कुठे निघालात?' असं विचारल्यावर जो 'असाच' म्हणतो, त्याच्याकडे तर नसतंच नसतं.

मला काखोटीला मारून आबा थांब्यावर उभे राहायचे. एक गोष्ट मात्र त्यांना उभ्या नोकरीत कळली नाही. लांबून मी दिसले की कंडक्टर आत ओरडायचा, "छत्रीसाहेब आले रे!" आणि भराभरा तिकिटं फाटायची. मालकीणबाईंना हे कुणीतरी सांगितलं होतं. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "चोर पकडायला जाता की चोरांना वर्दी द्यायला?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" आबा म्हणायचे.

एकदा बसच्या दारात अडकून माझं कापड टरकन फाटलं. आबा नवी छत्री आणायला निघाले, तर बाईंनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं. आपल्या विरलेल्या डाळिंबी साडीचा तुकडा काढला, मला मांडीवर घेतलं आणि शिवता शिवता गुणगुणू लागल्या :

नवी गं वाट माझी, पायाला ठाव नाही
सोबत सावलीची, सावलीला नाव नाही

"काळ्यावर डाळिंबी ठिगळ? लोक हसतील," आबा कुरकुरले.

"हसू देत. हरवली तर लवकर सापडेल."

माझे सुखाचे दिवस ते एवढेच, मित्रांनो. पुढे आबा निवृत्त झाले. मग बाई गेल्या. ती हाक थांबली आणि आबांनी मला घ्यायचंच सोडलं. दारामागच्या खिळ्यावर मी लटकत राहिले. एका कोळ्यानं माझ्या काड्यांमध्ये संसार थाटला, मीही त्याला नको म्हटलं नाही. कुणीतरी वापरतंय, एवढंच समाधान.

आबांच्या मुलाला परदेशात नोकरी लागली. "तुम्हाला इथे एकटं ठेवून मी जाणार नाही," असं म्हणून त्यानं बायकोबरोबर आबांनाही नेलं. मी पेटीत मावत नव्हते. मुलगा म्हणाला, "तिकडे हव्या तेवढ्या नव्या मिळतील हो." आबांनी मात्र माझी मूठ सोडली नाही. विमानतळावर एका पहारेकऱ्यानं मला यंत्रातून काढलं, उघडलं, मिटलं, ठिगळ चाचपलं. आबा रागावले नाहीत. उलट मान हलवून म्हणाले, "बरोबर करतोय पोरगा. असंच बघायला पाहिजे."

नवं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीखाली दगडी फरशीचा रस्ता, समोर धुलाईचं दुकान, कोपऱ्यावर पाववाला. मुलगा सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर परत यायचा. आल्या आल्या गावाकडे फोन लावायचा, मोठ्यांदा सांगायचा, "छान रुळलीये हो ती! सगळीकडे एकटी फिरते." सून हसायची आणि पाणी आणायला आत जायची. आबा दिवसभर खिडकीत बसायचे. जिना उतरायचं नाव नाही.

एके दिवशी सून म्हणाली, "आबा, मी जरा पाय मोकळे करून येते."

ती परतली तेव्हा हातात पिशवी नव्हती, काही नव्हतं.

"काय आणलंस?"

"काही नाही."

"मग गेली होतीस कशाला?"

"अशीच."

मला दारामागे ऐकू आलं. आबांची मान वळली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत तो जुना तपासनीस जागा झाला.

मग ते खिडकीतून लक्ष ठेवू लागले. सून घराचं दार ओढून घेई, जिन्यावर तिची पावलं वाजत, पण खालच्या दारातून ती रस्त्यावर येतच नसे. बऱ्याच वेळानं बाहेर न पडताच वर परत येई आणि म्हणे, "छान हवा आहे बाहेर." आता सांगा, मित्रांनो, जिना आणि रस्ता यांच्यामध्ये हा वेळ जातो कुठे? तिथे तर टपालाच्या पेट्या सोडल्या तर काही नव्हतं. का कुणी होतं? आबांना तीच शंका आली, आणि खरं सांगते, मलाही आली. ज्याच्या हाती राहावं, त्याच्यासारखा आपला स्वभाव होतो.

एका सकाळी तिची पावलं जिन्यावर थांबल्याचं ऐकून आबा उठले. मला खिळ्यावरून काढलं, इथल्या कोळ्यानं थाटलेलं नवं घर झटकलं आणि पायऱ्या उतरू लागले. गुडघे कुरकुरत होते, म्हणून मला टेकत टेकत. माझं लोखंडी टोक पायरीवर वाजलं, टक्. पुन्हा टक्. खाली एकदम दार उघडल्याचा आवाज झाला. आम्ही पोचलो तर टपालाच्या पेट्यांपाशी कुणीच नव्हतं. सून रस्त्याला लागली होती.

"निसटली," आबा पुटपुटले. त्यांनी मला उघडून तोंडापुढे धरलं आणि आम्ही मागे निघालो.

आभाळ कोरडं ठाक होतं. रस्त्यात दुसरी एकही छत्री नव्हती. पाववाला टोपली खाली ठेवून आमच्याकडे बघत राहिला. माझ्या आडोशाला आपण कुणाला दिसत नाही, असं आबांना अगदी मनापासून वाटत होतं.

सून धुलाईच्या दुकानापाशी थांबली. काचेत बघत उभी राहिली. आत गोल यंत्रांत कुणाचे तरी पायमोजे गरगरत होते. मग रस्ता ओलांडून ती नळाच्या तोट्या विकणाऱ्या दुकानाच्या काचेपाशी गेली. तिथेही थांबली. मग एका बंद दुकानाच्या काचेपाशी, जिच्यामागे धुळीशिवाय काही नव्हतं.

"बघ," आबा मला म्हणाले. हल्ली ते माझ्याशी बोलू लागले होते. "तोट्यांमध्ये बाईमाणसानं बघण्यासारखं असतं काय? विनाकारण काचेत बघतेय. तिकीट नाही हिच्याकडे."

मला त्या काचांमध्ये लांबवर एक काळा ठिपका दिसायचा आणि त्यावर डाळिंबी चट्टा. ती मीच, हे कळायचं. पण त्याचा अर्थ काही लागत नव्हता.

असं रोज सुरू झालं. पहिल्यांदा ती पाववाल्याच्या कोपऱ्यावरून वळली. मग बाजारापर्यंत गेली. मग घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत, मग थेट नदीवरच्या पुलापर्यंत. तिच्यामागे आम्ही. रस्ता ओलांडताना खांबावरचं बटण दाबायचं असतं, हे आबा तिचं बघून शिकले. कुठल्या गल्लीत वारा अंगावर येतो, कुठल्या वळणावर सायकली अंगावर येतात, हे पायांना पाठ झालं. पाववाला आता आबांना मान लववायचा. आबाही लववायचे, पण पुढे गेल्यावर म्हणायचे, "हा एवढं गोड का हसतो? हाही सामील दिसतोय."

मग ते हिरव्या दाराचं प्रकरण झालं. पुलाअलीकडच्या एका मोठ्या इमारतीच्या हिरव्या दारातून सून आत गेली आणि बाहेर येईना. आम्ही समोरच्या झाडाखाली उभे. आबांचे पाय भरून आले. जाड चष्म्याचा एक माणूस त्याच दारातून आत गेला, तेव्हा आबांनी माझी मूठ अशी आवळली की वेत करकरला. किती तरी वेळानं सून बाहेर आली, ती हसतच. एवढं मोकळं हसताना या गावात तिला आम्ही पाहिलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा आबा म्हणाले, "रविवारी तुला सुट्टी ना? तुझ्याशी बोलायचंय."

"बोला की आत्ता."

"रविवारी."

सुनेच्या हातातला चमचा ताटलीवर वाजला. मी दारामागे होते, मित्रांनो. पाऊस मी पुष्कळ झेलला आहे, पण आबा रविवारी जे बोलणार होते, ते घरावर कोसळलं असतं तर कुठली छत्री पुरली असती? मुलानं ऐकलं असतं तर दोघांमध्ये कायमची भेग पडली असती. आणि त्या पोरीनं सासऱ्याकडे पुन्हा मान वर करून बघितलं नसतं.

रविवारच्या आदल्या दिवशी आबांना शेवटचा पुरावा हवा होता. आम्ही पुन्हा तिच्यामागे निघालो. मुलगा त्या दिवशीही कामावरच होता. पुलावर वारा असा सुटला की नदीचं पाणी उलटं चाललंय असं वाटावं. एक झोत खालून आला आणि मी फाडकन उलटी झाले. काडी मोडली. बाईंच्या ठिगळाची शिवण उसवली. आबांचा हात कठड्यावर आणि मी त्यांच्या पायाशी, पंख मोडलेल्या कावळ्यासारखी.

पुढे एका चहाच्या दुकानाच्या काचेपाशी सून उभी होती. तिनं काचेत बघितलं. पुन्हा बघितलं. मग गर्रकन मागे वळली आणि धावत सुटली, आमच्याच दिशेनं.

"लागलं का कुठे?" तिला धाप लागली होती.

"नाही, नाही." आबा चाचरले. "तू... तू इकडे कशी?"

"पाय मोकळे करायला. आणि तुम्ही?"

आबांनी नदीकडे बघितलं. उगीचच.

"असाच," ते म्हणाले.

तिनं आणखी काही विचारलं नाही. मला उचललं, मिटलं आणि आबांचा हात धरून घरी आणलं. रात्री आबा मला हळूच म्हणाले, "पकडल्यावर जो प्रवासी भांडत नाही ना, तो फार मुरलेला असतो."

रविवार उजाडला. सुईदोरा घेऊन सून खिडकीत बसली. मला मांडीवर घेतलं. मोडक्या काडीला तिनं तारेचा तुकडा बांधला आणि डाळिंबी ठिगळाची उसवलेली कड शिवायला घेतली. बाईंच्या जुन्या टाक्यांना न उसवता त्यांच्या शेजारूनच तिची सुई चालली होती. मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं फार मोठं नाही. जुनी छत्री टाकण्याआधी तिला एकदा मांडीवर घेऊन बघा, एवढंच. चार टाक्यांत ती पुन्हा उभी राहते. आणि आपल्या माणसाबद्दल मनात काही आलं, तर झाडाखाली उभे राहू नका. दार वाजवा.

हे आबांना ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण छत्रीला कुठे तोंड असतं?

मुलगा खुर्ची ओढून बसला. "हं, बोला आबा. काय एवढं रविवारपर्यंत राखून ठेवलंत?"

आबांनी घसा खाकरला. "मला काय विचारतोस? तिला विचार. रोज कुठे जाते ते."

"कुठे म्हणजे? फिरायला जाते. मीच सांगतो की सगळ्यांना."

"जिन्याखाली एवढा वेळ काय करते, ते विचार. दुकानांच्या काचा काय बघते, ते विचार. त्या हिरव्या दारामागे कोण राहतं, ते विचार!"

सुई थांबली. मुलगा एकदा बापाकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. "काय गं? काय म्हणतायत आबा?"

सुनेनं मान वर केली नाही. माझ्या मुठीवर तिचा तळवा होता, ओला झालेला.

"हिरव्या दारामागे वाचनालय आहे," ती म्हणाली. "कुणीही जाऊन बसू शकतं. मी वरच्या खिडकीतून बघत होते, आबा जातात की थांबतात ते."

"म्हणजे? तुला माहीत होतं?" आबा अर्धवट उठले.

"आबा, अख्ख्या गावात अशी छत्री दुसरी आहे का? आई सांगायच्या ना मला, छत्रीसाहेब लांबूनच कळतात म्हणून."

आबा पुन्हा खुर्चीत बसले. ती आता नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही फोनवर सांगत होता, छान रुळली, एकटी फिरते. मग मी कुठल्या तोंडानं सांगू? मी जिन्याखालीच उभी असायचे हो. दाराला हात लावायचे आणि परत यायचे. भाषा येत नाही, वाट माहीत नाही. मग एक दिवस मागून जिन्यावर टक् टक् आलं. म्हटलं, आबा उतरले. आणि मी दार उघडलं."

खाली पाववाल्याचं दार उघडल्याची घंटी वाजली.

"पाळत ठेवताय हे कळत होतं, आबा. वाईटही वाटायचं. पण प्रत्येक काचेत आधी तुम्हाला बघायचे. छत्री दिसली की पुढचा रस्ता ओलांडायचे. एकटी मी या गावात एक पाऊलसुद्धा चाललेली नाही."