वहिनी, मनात वाच!

हे गेले आणि बुधवारच्या दुपारच्या पोकरची चौथी खुर्ची रिकामी झाली. नणंदेनं मला तिच्यावर बसवलं, पण अट घालून. "महिनाभरात शिकलीस तर खुर्ची तुझी. नाहीतर समोरच्या दंतवैद्याच्या बायकोला बोलावणार. तिला येतं."

ह्यांच्या कोपरानं त्या खुर्चीचा हात गुळगुळीत झाला होता. तिथं त्या बाईचं कोपर? मी हो म्हटलं.

नणंदेचे यजमान गणिताचे मास्तर. जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सगळं त्यांनी वहीत लिहून दिलं. ते पाठ झालं. अडलं भलतीकडेच. मी एकतीस वर्षं कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होते. ऐकलेला नंबर मोठ्यानं परत म्हणायचा, ही सवय हाडात भिनलेली. पत्ते हातात आले की तोंड सुरू. "बदाम राणी, किलवर राणी, चौकट सत्ती..."

"वहिनी, मनात वाच गं!" नणंद कपाळावर हात मारून घ्यायची.

"मनातच वाचतेय, वन्सं."

"मग वरच्या मजल्यावर कसं ऐकू जातं?"

तोंडात गोळी धरून पाहिली. गोळीसकट बोलले. मास्तर म्हणाले, "यापेक्षा माझा नापासांचा वर्ग बरा होता." उरलेले भिडू घड्याळवाले तर माझ्याकडे कान करूनच बसायचे.

शेवटच्या बुधवारी माझ्यापुढे आठच बटणं उरली. आम्ही बटणं लावून खेळायचो. नणंदेनं माझ्यादेखत फोन केला. "पुढच्या बुधवारी मोकळी राहा हं." माझं डोकंच फिरलं.

पत्ते आले ते पाच दिशांचे पाच. बदलले, तरी तेच. आणि मला आठवलं, बोर्डावर मी नुसते नंबर म्हणत नव्हते. साहेब समोर चहा पीत असताना "साहेब जागेवर नाहीत" हेही रोज त्याच आवाजात सांगत होते.

"इस्पिक एक्का, बदाम एक्का, चौकट एक्का," मी पुटपुटले आणि आठही बटणं पुढे सरकवली.

मास्तरांनी पत्ते टाकले. घड्याळवाल्यांनी टाकले. नणंदेनं दोन राजे चडफडत टाकले, आणि लगेच माझ्या हातातले पत्ते हिसकून पाहिले.

"अगं, एक्का कुठाय?"

"जागेवर नाही."

तिनं फोन माझ्यापुढे आदळला. "आता तिला नाही म्हणूनही तूच सांग."

मी नंबर फिरवला. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत.