दोन खुणांचं वाक्य

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून, कोरी बाजू वर घेऊन पुस्तकाला कव्हर घालताना त्यावरून तळहात फिरवण्याचा एक आवाज असतो. कोरडा, लांबट, किंचित खरखरीत. जानेवारीतलं दिल्लीचं ऊन सकाळी अकराच्या सुमारास धुरकट हवेतून वाट काढत करोल बागेतल्या त्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उतरायचं, आणि कौसल्याताई पाय उन्हात अन् चेहरा सावलीत ठेवून तिथे बसलेल्या असायच्या. खाली दुकानांची शटरं वर जात, रिक्षांचे भोंगे एकमेकांवर कुरघोडी करत, कुणीतरी कुणाला तरी मोठ्याने हाका मारत असे. वर मात्र तेवढा एक आवाज. कागद नीट ताणला गेला की त्याच्या पांढरेपणातून गेल्या वर्षाच्या तारखा पुसट आणि उलट्या दिसू लागत. ताई आठवल्या की आधी मला हा आवाज ऐकू येतो, आणि चेहरा मागाहून येतो.

नागपूरहून बाविसाव्या वर्षी, एका मंत्रालयातल्या नोकरीसाठी, ट्रंकेत चार साड्या आणि सहा पुस्तकं घेऊन त्या दिल्लीला आल्या. फायलींमध्ये आयुष्य काढून निवृत्त झाल्या. यजमान गेले, लेक प्रज्ञा लग्न होऊन पुण्याला गेली, आणि ताई राहिल्या ते त्या बाल्कनीपाशीच. माझी त्यांची ओळख मेट्रोतली. मी नोएडाच्या शाळेत शिकवते. बारा वर्षांपूर्वी एकदा करोल बागेत खरेदीला निघाले होते, हातात मराठी कादंबरी होती. शेजारून अगदी शांत, अधिकारी स्वरात आवाज आला, "अगं, पान उलट ना. माझं केव्हाचं वाचून झालं." मी दचकून पान उलटलं. करोल बाग येईपर्यंत आम्ही दोघींनी मिळून अकरा पानं वाचली होती, आणि मी खरेदी विसरून त्यांच्या घरी चहा पीत बसले होते.

पुढे ताईंच्याच कार्यालयात त्यांच्या हाताखाली काम केलेली, आता गुरुग्रामला राहणारी नीलिमा येऊन मिळाली आणि आमचा दुसऱ्या शनिवारचा परिपाठ सुरू झाला. दिवाणावर पुस्तकं मांडायची आणि एकमेकींना द्यायची, इतकंच त्याचं स्वरूप. पण ताईंचे नियम कडक. प्रत्येक पुस्तकाला पांढरं कव्हर हवं, आणि वर काहीही लिहायचं नाही. "नाव वाचलं की तू आधीच ठरवून टाकशील," त्या म्हणत, "मी देते आहे ना, बस." देणारीने आत एक घडी घातलेली चिठ्ठी ठेवायची, आणि घेणारीला कोणतं पान सावकाश वाचायची गरज आहे ते तिच्यात लिहायचं. आवडीची पुस्तकं सगळेच सुचवतात. ताई मात्र वैद्य नाडी पाहतो तशा आधी माणूस बघून मग पुस्तक काढत. माझी आई गेली त्या हिवाळ्यात त्यांनी मला सांत्वनाचं काही दिलं नाही. एक भलतीच विनोदी कादंबरी दिली आणि चिठ्ठीत लिहिलं, "पान चाळीस. हसू आलं तर अपराधी वाटून घेऊ नकोस." मी चाळिसाव्या पानावर हसले आणि मग पुष्कळ रडले.

आणि त्या खुणा. टोक काढून काढून बोटभर उरलेली पेन्सिल घेऊन ताई वाचत, आणि जे वाक्य खरं वाटेल त्याच्या समासात बारीकशी बरोबरची खूण करत. आयुष्यभर फायलींवरची विधानं तपासलेल्या हाताची ती सवय होती. सुंदर वाक्याला खूण मिळत नसे, खऱ्या वाक्याला मिळे. क्वचित, वर्षाकाठी एखाद्याच वाक्यापुढे दोन खुणा असत. त्याचा अर्थ त्यांनी एकदाच सांगितला होता: हे मला म्हणायचं होतं, दुसऱ्या कुणी आधी लिहिलं. वाचलेल्या जागी ठेवायला त्यांच्याकडे फायलीत ओवायचे हिरवे दोरे होते, दोन्ही टोकांना धातूची बारीक पट्टी असलेले. कार्यालयाच्या गोष्टी सांगताना त्या एका साहेबांची हुबेहूब नक्कल करत. निर्णय सुचला नाही की ते साहेब फायलीच्या कडेला लिहीत, 'कृपया चर्चा करें', आणि फाइल परत खाली धाडत. "तीस वर्षं चर्चा केली मी," ताई म्हणत, आणि बाजारातून आणलेला किनू सोलता सोलता त्याला नावं ठेवत, "ह्याला काय संत्रं म्हणायचं? नुसतं आंबट पाणी." तरी दर शनिवारी किनू असेच, आणि त्याच्या सालीचा वास पुस्तकांना लागून आमच्या घरी येई.

मागच्या पावसाळ्याअखेर त्यांनी मला एक पुस्तक दिलं. एका बाईच्या एकाकी प्रवासाचं, शांत, सुरेख. मी वाचलं, परत केलं. पुढच्या महिन्यात त्यांनी तेच पुस्तक पुन्हा हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तू वाचलेलं नाहीस. तुझ्यासाठीच काढून ठेवलंय." त्यांच्या डोळ्यांत नव्या पुस्तकाचा आनंद होता. ते पुस्तक पिशवीत घालून घरी नेलं. मी पुन्हा वाचलं. डिसेंबरात तिसऱ्यांदा तेच झालं, तोच स्वर, तोच आनंद, फक्त आतल्या चिठ्ठीतलं पान वेगळं. त्याच दुपारी स्वयंपाकघरात दूध आटून भांडं काळं झालेलं मी पाहिलं, आणि ताई बाल्कनीत निवांत कव्हर घालत होत्या.

प्रज्ञाला सांगायला हवं हे उघड होतं. पण सांगितलं की ती आईला पुण्याला नेणार, हेही उघड होतं. आणि ती बाल्कनी, तो बाजार, ते ऊन गेलं की ताईंचं काय उरेल, या विचाराने माझी जीभ उचलत नव्हती. शिवाय मनातली लबाडीही सांगून टाकते: त्या गेल्या तर माझं काय उरेल, हाही प्रश्न होताच. नीलिमाला फोन लावला, तर धुक्याबद्दल बोलून ठेवून दिला. मोठ्याने म्हटलं की ते कायमचं खरं होईल असं वाटे. शेवटी मी आमच्या रीतीचाच आश्रय घेतला. नीलिमाला द्यायच्या पुस्तकात चिठ्ठी ठेवली आणि जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी निघताना तिच्या कानात सांगितलं, घरी गेल्यावर वाच.

त्या शनिवारी माझ्या पिशवीत दोन पुस्तकं होती. एक नीलिमाचं, एक ताईंना परत करायचं ते तिसऱ्यांदा वाचलेलं. दोन्ही सारख्या आकाराची, दोन्ही कोरी पांढरी.

सोमवारी नीलिमाचा फोन आला. "यार, तू दिलेलं पुस्तक तर मी वाचलंय. आणि चिठ्ठी कुठेय? आत काहीच नाहीये."

मी शाळेच्या जिन्यात उभी होते. नीलिमाला ताईंचं पुस्तक गेलं होतं, आणि ताईंकडे माझी चिठ्ठी. तिच्यातला शब्द न् शब्द मला पाठ होता: 'नीलिमा, ताई विसरायला लागल्या आहेत. एकच पुस्तक त्यांनी मला तीनदा दिलं. गॅसवर दूध ठेवून विसरल्या. प्रज्ञाला सांगायला हवं. मला भीती वाटते.' पाचच वाक्यं. बाहेरून नाव नाही, कारण आमच्यात नाव घालायची पद्धतच नाही. पुस्तक ज्या हातात, चिठ्ठी त्या हाताची. ताई ती विश्वासाने उघडणार होत्या, आणि माझ्या सुवाच्य, मास्तरणीच्या अक्षरात स्वतःविषयी वाचणार होत्या.

तो आठवडा कसा गेला ते मला विचारू नये. रोज संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून फोन करी आणि त्यांच्या आवाजाचा तळ चाचपून पाही. आवाज नेहमीसारखाच होता. धुकं फार आहे, गुडघा दुखतो, किनू महागले. "काय वाचून राहिलीस?" एवढं विचारत आणि मी विषय बदलत असे. त्यांनी वाचली असेल आणि अपमान गिळून बसल्या असतील, असं सकाळी वाटे. अजून पुस्तक उघडलंच नसेल, असं दुपारी. आणि मग एका संध्याकाळी आणखी एक विचार आला. वाचली असली तरी त्या विसरल्या असतील. त्या विचारासरशी मला हायसं वाटलं. ज्या गोष्टीने माझी झोप उडाली होती, तीच गोष्ट मला वाचवील म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला होता. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

रविवारी मी करोल बागेला गेले. दार उघडून ताई म्हणाल्या, "आज दुसरा शनिवार का गं? नीलिमा नाही आली?" मी म्हटलं, आज रविवार, सहज आले. "अच्छा, अच्छा," म्हणत त्या बाल्कनीकडे वळल्या. ऊन होतं, किनू होते, दिवाणावर पांढऱ्या पुस्तकांची चळत होती आणि माझं कोणतं ते कळायला काही मार्ग नव्हता. त्यांनी चहा केला. गॅस बंद केला, मग खात्री करायला पुन्हा आत जाऊन आल्या, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा. मी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. निघताना त्यांनी चळतीतलं एक पुस्तक अचूक उचलून माझ्या पिशवीत घातलं.

"वाचून झालं माझं. घेऊन जा."

"कसं वाटलं, ताई?" माझा आवाज मलाच परका वाटला.

"खुणा केल्यात. बघ."

मेट्रोत जागा मिळाली तरी पुस्तक उघडायचा धीर होईना. राजीव चौकाला गर्दी चढली, उतरली. मंडी हाऊसनंतर गाडी जमिनीखालून वर आली, डब्यात फिकट ऊन शिरलं, तेव्हा मी कव्हरवरून तळहात फिरवला. उलट्या तारखा दिसल्या. आत हिरव्या दोऱ्यापाशी माझी चिठ्ठी होती, नीट घडी घातलेली.

'ताई विसरायला लागल्या आहेत', समासात एक बारीक खूण. 'तीनदा दिलं', खूण. 'दूध', खूण, इथे पेन्सिल जरा जास्त दाबली गेली होती. 'प्रज्ञाला सांगायला हवं', खूण. आणि शेवटच्या वाक्यापुढे, 'मला भीती वाटते' यापुढे, दोन खुणा.

खाली, त्या साहेबांच्या थाटात, एका कडेला: 'कृपया चर्चा करें.'

मी इंद्रप्रस्थला उतरले, जिना चढून पलीकडच्या फलाटावर गेले आणि उलट्या दिशेची गाडी धरली. रडत होते, समोरच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, ती मी घेतली. तिसरा मजला चढून बेल वाजवायच्या आत दार उघडलं.

"इतक्यात आलीस? मला वाटलं यमुना ओलांडल्यावर उघडशील," ताई म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या, फोन माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज किंचित हलला. "प्रज्ञाला लाव. मीच सांगते. मध्येच मला काही सुचलं नाही, तर पुढचं तू सांग."

सांगता सांगता त्या दोनदा थांबल्या. पुढचं मी सांगितलं.

होळीनंतर प्रज्ञा येऊन त्यांना घेऊन गेली. पुस्तकं माझ्याकडे ठेवली आहेत. दुसऱ्या शनिवारी नीलिमा येते, आम्ही किनू सोलतो आणि त्याला नावं ठेवतो. मधे पुण्याहून ताईंचा फोन आला. एका बाईच्या एकाकी प्रवासाचं एक पुस्तक आहे, तू वाचलेलं नाहीस, तुझ्यासाठीच काढून ठेवलं होतं, असं अपार आनंदाने म्हणाल्या. मी विचारलं, "कोणतं पान सावकाश वाचू?" त्या म्हणाल्या, "सगळंच."

मी ते चौथ्यांदा वाचते आहे, सावकाश. बारा वर्षं त्या मला पुस्तकं देत आल्या आणि मी ती वाचून परत करत आले. आता त्यांच्या आठवणीही एकेक करून माझ्याकडे वाचायला येऊ लागल्या आहेत, मी त्यांना पांढरं कव्हर घालून ठेवते आहे, आणि त्या परत कुणाला करायच्या हे काळाने अजून मला सांगितलेलं नाही.