खडूने वसवलेलं शहर

पर्यटन शिकवणाऱ्या सरांना बस लागायची. वळणांचा रस्ता सोडाच, सरळ रस्त्यावरही त्यांचा चेहरा पांढराफटक पडे. त्यामुळे असेल, किंवा कॉलेज सहलीला दमडीही देत नसे म्हणून असेल, त्यांनी गाइडच्या प्रात्यक्षिकासाठी वर्गातच एक शहर वसवलं होतं. फळाभर नकाशा: नदी, दोन पूल, राजवाडा, संग्रहालय, घड्याळाचा मनोरा. खुर्च्या जोडीजोडीने मांडल्या, पुढे एका पोराला ड्रायव्हर म्हणून बसवलं की झाली बस. शहर मुद्दामच खोटं होतं. खरं गाव घेतलं तर कुणाचा तरी मामा तिथे राहतो आणि भाचा आयता पहिला येतो, असं सरांचं म्हणणं.

"एवढं शहर वसवलंत, पण बायकोला कधी नेलं नाहीत," असं घरी ऐकावं लागे ते वेगळंच.

यंदा विभागप्रमुख बाईंनी शहरावर डोळा ठेवला होता. "खुर्च्यांची बस काय, सर? बालवाडी आहे का ही? पडद्यावर फिल्म लावू, पोरं त्यावर बोलतील. आज बाहेरचे परीक्षक येताहेत. त्यांना पटलं तर ठेवा, नाहीतर पुसून टाका."

पुसून टाका! सरांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

परीक्षक आले ते छत्री आणि पोट सांभाळत. त्यांनी खिडकीची जागा मागितली. वर्गाला खिडक्या एकाच बाजूला, म्हणून अख्खी बस फिरवून घ्यावी लागली. मग आधी कुणी बोलायचं याची चिठ्ठी काढली. पहिलाच नंबर 'चकवा'चा. कँटीनमधून लायब्ररीकडे निघाली की ही मुलगी पार्किंगमध्ये सापडे, म्हणून वर्गाने तिला हे नाव ठेवलं होतं. गेल्या वर्षी ती याच शहरात नापास झाली होती.

"नमस्कार मंडळी! डावीकडे पाहा, भव्य राजवाडा."

परीक्षकांनी डावीकडे पाहिलं. "इथे तर कपाट आहे."

"माझ्या डावीकडे हो, काका. मी तुमच्याकडे तोंड करून उभी आहे ना!"

सरांनी डोळे मिटून घेतले. ते उघडले तेव्हा बस पूल ओलांडत होती. थोड्या वेळाने पुन्हा ओलांडू लागली.

"हा पूल मघाशी झाला," परीक्षक म्हणाले.

"झाला ना. दुसरे लोक एकदाच दाखवतात. आपण येताना-जाताना, दोन्ही वेळा दाखवतो."

मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. परीक्षक मात्र अस्वस्थपणे चुळबुळत होते. शेवटी त्यांनी करंगळी वर केली. "मला जरा जाऊन यायचंय. इथे सोय कुठे आहे?"

सरांनी नकाशाकडे पाहिलं. राजवाड्याच्या खिडक्यासुद्धा त्यांनी नीट काढल्या होत्या, पण इतक्या वर्षांत या शहरात कुणालाच लागली नव्हती!

"काका, खरंच लागलीय की परीक्षेपुरती?"

"प्रवाशाला असं विचारतात का?"

चकवाने क्षणभर ओठ चावला. "ड्रायव्हरदादा, मनोऱ्यापाशी घ्या गाडी. इथे माझी आत्या राहते."

"आत्या?" सर ताडकन उठले. "नकाशात आत्या नाहीये!"

"सर, परीक्षा चालू आहे," बाईंनी त्यांना खाली बसवलं.

"एकेकानेच जा, आणि पाय पुसून. आत्या फार कडक आहे."

परीक्षकांनी खरोखरच दारातल्या पायपुसण्यावर बूट घासले आणि ते घाईघाईने व्हरांड्याच्या टोकाला दिसेनासे झाले. बस थांबून राहिली. पोरांना चेव आला. आत्या करते काय? एकटीच असते का? डोक्यावर घड्याळाचे टोले, मग झोप कशी लागते?

"तिला कमी ऐकू येतं. म्हणून तर जागा स्वस्तात मिळाली."

सरांना राग आला, आणि थोडा हेवाही वाटला. शहर त्यांचं, आणि पहिलं बिऱ्हाड आलं ते त्यांना न विचारता.

परीक्षक परतले ते मोकळ्या चेहऱ्याने. "आत्या घरी नव्हत्या. पण पाणी होतं. चला पुढे."

पुढे संग्रहालय झालं, तिसऱ्यांदा पूलही झाला. मग ते बाईंना म्हणाले, "फिल्ममधून मला असं उतरता आलं असतं का? शहर राहू द्या. पोरगी पास. पण सर, पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन. तोवर तेवढी सोय करा."

वर्ग रिकामा झाला. सर खडू घेऊन फळ्यापुढे उभे राहिले. राजवाड्यासमोर शोभणार नाही. नदीकाठी तर नकोच, उगाच वास. मोकळी जागा होती ती फक्त मनोऱ्याशेजारी. थोडा वेळ त्यांनी आढेवेढे घेतले, मग दारात जाऊन हाक मारली.

"अगं, तुझ्या आत्याच्या शेजारी सार्वजनिक स्वच्छतागृह बांधलं तर चालेल ना तिला?"

चकवा जिन्यात थबकली. "अवघड आहे, सर. भांडेल ती. विचारून सांगते."

"सांग बाई," सर म्हणाले, आणि खडू तसाच हातात धरून खुर्चीवर बसले.