शून्य तासांची गोळी

सहा वर्षांत मी एकच गोष्ट शिकले. सिरॅमिकची टिकलीएवढी काळी गोळी द्रव नायट्रोजनात गार करायची, तिच्यावर मायक्रोवेव्ह सोडायच्या आणि पडद्यावरच्या रेषेकडे बघत बसायचं. गोळी अतिवाहक, म्हणजे विजेला जराही न अडवणारी, झाली असेल तर ती मायक्रोवेव्ह शोषते, रेषा उसळी मारते. नसेल तर रेषा सपाट. आता दोन्हींचा कंटाळा आलाय.

गोळ्या भाजायचे बिंदुमाधवकाका. चार पिढ्या इथले, म्हैसूरचे, पण घरात मराठी. मी नाशिकची. लॅबमध्ये आपल्या भाषेत बोलणारं एक माणूस मिळालं, म्हणून त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. भट्टीत किती तास ऑक्सिजन दिला तो आकडा ते डबीवर लिहीत. शून्य, दोन, चार.

शून्याच्या गोळीनं उसळी मारली तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. ऑक्सिजनशिवाय ही गोळी अतिवाहक होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे नवीन काहीतरी सापडलं होतं. माझे गाइड नरसिंहमूर्ती सर खूश झाले, त्यावर अख्खं प्रकरण लिहून घेतलं. सोमवारी प्रबंध द्यायचा आणि कायमचं नाशिकला जायचं, असं ठरलं.

शुक्रवारी काकांनी आलेख बघितला.

"अल्ला मा, नाही गं, शून्य कुठलं? ओंदु ते. एक तास."

बोलणं मराठी, आकडे कानडी. कानडी दोन आणि चार आपल्यासारखेच दिसतात, आणि एक घाईत लिहिला की शून्यच. सहा वर्षं या गावात राहून मला ते कळू नये, याची लाज वाटली. काकांवर चिडायलाही अंगात त्राण नव्हतं.

काका हळूच म्हणाले, ते या महिन्यात रिटायर होतायत, डबी फेकून देतात, कुणाला कळतंय.

"सुम्ने रहा," ते म्हणाले. गप्प रहा.

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी त्यांना खरोखरच ऑक्सिजन न देता एक गोळी भाजायला सांगितली. कोण जाणे, तीही उसळी मारेल.

रविवारी तीनदा मोजली. तिन्ही वेळा रेषा सपाट.

सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, सातवं वर्ष धरून चाल.

मी हो म्हटलं. आता आईला सांगायचं होतं. तिचा नंबर काढला, आणि फोन न लावताच रडत बसले.