शेवटचा नळ

पाण्याच्या कचेरीतल्या त्या बाईला सगळी वस्ती 'पिवळीबाई' म्हणायची. तशी ती रंगानं चांगली सावळी. पण रोज सकाळी काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब सोडायचे आणि पाणी पिवळं झालं की मान डोलवून वहीत लिहायचं, हे तिचं काम. पिवळं झालं म्हणजे टाकीत घातलेलं जंतुनाशक तिथवर पोचलं. पांढरंच राहिलं तर वाटेत कुठंतरी घाण शिरली. त्या काळी एवढ्यावरच गावाचं पोट सांभाळलं जायचं.

नमुना घ्यायचा तो ओळीतल्या शेवटच्या नळाचा, हा नियम. "टाकीपाशी सगळंच पाणी गुणी असतं," थोरले साहेब म्हणायचे. "पंगतीत शेवटी बसलेल्याला विचारावं, वाढप कसं झालं ते."

आता हा शेवटचा नळ होता पिवळीबाईच्या थोरल्या नणंदेकडे. नणंदबाईंची भाजी धुण्याची शेड होती. पाच बायका हौदावर उभ्या राहून काकडी, गाजरं, पालेभाज्या धुवायच्या आणि तो माल कारखान्याच्या उपाहारगृहात जायचा. नणंदबाई कष्टाळू, स्वच्छ आणि जिभेला हाड नसलेल्या. एका सकाळी पिवळीबाई नळी घेऊन दारात आली, तर त्या पाचही बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आल्या आमच्या धाकट्या भावजयबाई! घरी पाण्याचा हंडा उघडा ठेवतात, अन् इथं माझं पाणी तपासतात!"

बायका खो खो हसल्या. पिवळीबाईच्या मात्र ते वर्मी लागलं, कारण हंडा एकदा उघडा राहिला होता हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती शेडपर्यंत गेलीच नाही. चार घरं अलीकडे शिंप्याचा नळ होता. तिथंच नळी भरायची आणि वहीत लिहायचं, 'शेवटचा नळ, पिवळा.' पाणी तेच, ओळ तीच, चार घरांनी काय आभाळ कोसळतंय, अशी ती मनाची समजूत घालायची. अकरा आठवडे तिनं अशीच समजूत घातली.

बाराव्या आठवड्यात कारखान्यातले चाळीस लोक जुलाब-उलट्यांनी आडवे झाले. सगळ्यांनी उपाहारगृहातली कच्ची काकडी-गाजरं खाल्ली होती. थोरल्या साहेबांनी वही मागवली, बोट फिरवत पानं पाहिली. "पाण्यात दोष नाही. शेवटच्या नळाला रोज पिवळं आहे. म्हणजे दोष हातांचा. बाई, तुमची वही म्हणजे आरसा आहे अगदी!"

त्या आरशात तोंड बघायची तिची छाती झाली नाही.

शेडच्या दारावर कागद चिकटला: माल पाठवण्यास मनाई. वस्तीत बोलणी सुरू झाली. "नाक वर करून चालायची, अन् बायका हात न धुता काम करत होत्या म्हणे." पिवळीबाईचा नवरा जेवताना म्हणाला, "अक्कानं दोन दिवसांत अन्नाला हात लावला नाही गं. हौद घासत बसलीय." तिनं ताट बाजूला सारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती शिंप्याचं घर ओलांडून पुढं गेली. शेडमधल्या नळाखाली नळी धरली, थेंब सोडले आणि वाट पाहिली. पाणी पांढरंच. आणखी दोन थेंब टाकले. तरी पांढरंच. शिंप्याच्या आणि शेडच्या मधे गटाराला लागून जमिनीतला नळ फुटला होता आणि गाडीरस्त्याखाली कुणाला दिसला नव्हता.

नणंदबाई मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. डोळे खोल गेलेले. त्या काही हंड्याबिंड्याचं बोलल्या नाहीत. "हे काय गं, रंग नाही आला?"

"नाही आला, वन्सं."

"म्हणजे आज फुटलं काहीतरी?"

होय म्हटलं असतं तर सुटली असती. नळ दुरुस्त झाला असता, वही तशीच लखलखीत राहिली असती आणि आजारपणाचं खापर मात्र कायमचं शेडवर फुटलं असतं. तिच्या ओठावर 'होय' आलंही होतं. मग तिचं लक्ष नणंदेच्या हातांकडे गेलं. घासून घासून बोटांची सालं निघाली होती.

"कधी फुटलं, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी इथं येतच नव्हते. शिंप्याकडचं पाणी तपासून तुमच्या नळाचं म्हणून लिहीत होते."

"किती दिवस?"

"अकरा आठवडे."

नणंदबाई हौदाच्या कठड्यावर बसल्या. "माझ्या त्या एका बोलण्यावरून?"

पिवळीबाईनं होकारार्थी मान हलवली. नणंदेनं कानाखाली वाजवली असती तर बरं वाटलं असतं. पण त्या नुसत्या बघत राहिल्या, परकी बाई दारात आल्यासारख्या.

"इकडे या गं सगळ्या," त्यांनी हाक मारली. पाचही जणी पदराला हात पुसत आल्या. "हिला काहीतरी सांगायचंय."

तिनं जमिनीकडे बघत सगळं सांगितलं.

"मोठ्यानं सांग. मागच्या बाईला कमी ऐकू येतं."

तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. कमी ऐकू येणारी म्हातारी कानाला हात लावून उभी होती. तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं आपले तळवे समोर धरले, उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "म्हणजे आमचे हात स्वच्छच होते?"

"होय, आजी. स्वच्छच होते."

म्हातारी तोंडाला पदर लावून रडायला लागली. बाकीच्या चौघींपैकी कुणीही पिवळीबाईकडे पाहिलं नाही.

ती कचेरीकडे वळली, तेव्हा नणंदबाई चपला घालून मागोमाग निघाल्या.

"वन्सं, तुम्ही कशाला? मी सांगते साहेबांना सगळं."

"सांगशील गं. पण वाटेत शिंप्याचं घर लागतं," नणंदबाई म्हणाल्या आणि तिच्या पुढे चालू लागल्या.